चौतीस टक्के

बाथमध्ये, नदीपासून दोन गल्ल्या आत,
गालिच्यांच्या दुकानावर आमचं मासिक होतं.
जिन्यात नव्या लोकरीचा वास,
वर उष्ट्या नूडल्सचा आणि तापलेल्या टीव्हींचा.
पडद्याचा फोटो काढायचा तर
टीव्हीसकट डोक्यावरून काळं कापड घ्यायचं,
श्वास रोखायचा,
आणि राक्षसाने नेमकं तोंड उघडलं की खटका दाबायचा.
त्याचा मला पगार मिळे. सत्त्याण्णव साल.

आण्णा फोनवर विचारत, नक्की करतेस काय?
म्हटलं, लोकांनी केलेले गेम खेळते, आणि टक्के देते.
ते जरा थांबले.
कराडला तीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेला माणूस.
म्हणाले, म्हणजे घराण्याचंच काम की.
मग म्हणाले, तुमच्यावर मॉडरेटर कोण?

मॉडरेटर नव्हता. ग्लिन ट्रेमलेट होता,
कानामागे पेन्सिल, खिशात आम्लपित्ताच्या गोळ्या.
सगळ्यांनाच ऐंशी दिलेत, म्हणाला, तर वाचक पैसे कशाचे देईल?
या अंकात कुणाला तरी नापास कर.

गुरुवार. शुक्रवारी पानं छापखान्यात.
टेबलावर डंडीहून आलेली एक डिस्क,
सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी:
आम्ही तिघंच आहोत. सावकाश खेळा.

सावकाश!

एक दिवेवाली, खांद्यावर शिडी,
बुडत चाललेल्या गावात दिवे लावत फिरते.
कॅमेरा भिंतीत घुसायचा. शिडी दारात अडकायची.
एकूण चौदा गल्ल्या. मी चार पाहिल्या,
पाचवीत दोनदा बुडाले,
आणि साडेतीनशे शब्द लिहिले.
शिडी आहे, पण चढावं असं काही नाही:
हे वाक्य चौकटीत, ठळक. ऑफिस हसलं.
ग्लिनने पाठ थोपटली.
चौतीस.

पस्तीस का नाही? आण्णांनी विचारलं.
मी गप्प. म्हणाले,
चौतीसवाल्याचा पेपर आपण पुन्हा वाचतो.
नियम नाही, रीत.
शेवटचं पान उलटून बघावं,
पोरं तिथे काहीबाही लिहून ठेवतात.
मी म्हटलं, आण्णा, कॉल महाग आहे.

पुढे बरंच झालं. लॉस एंजेलिसची जत्रा,
फुकटची जॅकेटं, एक काचेचं बक्षीस
ज्यावर माझ्या नावातला ळ साहजिकच ल झाला होता.
मग मासिक सडपातळ होत गेलं,
आधी पानं गेली, मग माणसं,
आणि आण्णा गेले त्याच वर्षी तेही गेलं.
आता स्विंडनला डिशवॉशरची माहितीपत्रकं लिहिते.
टक्के देत नाही. मीठ कुठे घालायचं ते सांगते.

परवा खोकं आवरताना डिस्क सापडली.
यंत्र जुनं, पण चाललं.
शनिवार होता, कुणाचा फोन येणार नव्हता.
पाचव्या गल्लीत चार वेळा बुडाले,
मग कळलं, शिडी आडवी टाकायची.
इतकंच. आडवी टाकली की पूल होतो.

रात्री दोनला चौदावी.
इथे दिवे नाहीत, नुसता समुद्र,
आणि शेवटच्या घराच्या मागच्या भिंतीवर
(कॅमेरा तिथे पुन्हा अडकतो,
पण आता मी त्याला हळूच वळवू शकते)
खडूने लिहावीत तशी तीन नावं.
मॉरा किनेअर्ड. तिचा भाऊ. आणखी एक.
खाली:
इथवर आलात. आता तुम्ही लावलेले दिवे बघा.

मागे वळले.
तेरा गल्ल्या, खालून वरपर्यंत, पाण्यात दुप्पट.

खेळ जपून ठेवायचं कार्ड माझ्याकडे नाही,
कधीच हरवलं असावं.
बंद केलं की गाव पुन्हा काळं.
सकाळी चहा केला, तरी यंत्र घुमतंच होतं.
सोमवारी कामाला गेले.
चालूच ठेवून.